सात घरचं झबलं

मिरजेहून निघताना माझ्या बॅगेत साड्या तीन होत्या आणि कुंच्याही तीनच होत्या. देवासला माझ्या मामेबहिणीच्या नातीचं बारसं होतं. मी गेली तीस वर्षं तान्ह्या बाळांची झबली-टोपडी शिवून विकते, त्यामुळे दुकानातली बाहुली घेऊन जाणं मला शोभलं नसतं. आमचे हे स्टेशनवर बॅग उचलताना म्हणाले, "बाळ एकच आहे ना?" मी म्हटलं, "बाळ एकच असलं तरी कपडे दहा वेळा भिजवतं." त्यावर त्यांनी बॅग डब्यात चढवली. ते तसे कमीच बोलतात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या वाटणीचंही मीच बोलून घेतलं आहे.

बेत असा होता की बारसं उरकायचं आणि मग धारमार्गे बाग गावी जाऊन तिथलं लाकडी ठशांनी छापलेलं कापड आणायचं. बागेचं सुती कापड दोन धुण्यांत असं मऊ होतं की बाळाला त्याचा त्रास होत नाही. ते कापड प्रत्यक्ष छापताना बघायचं, ही माझी फार जुनी हौस.

पुण्याला गाडी बदलून सकाळी इंदूरला उतरले तेव्हा थंडीनं दात वाजत होते. स्टेशनबाहेर एका गाडीवाल्यानं वाफेवरचे पोहे, वर शेव आणि शेजारी जिलबी असं हातात ठेवलं. पोह्यांबरोबर जिलबी हे काय खाणं, असं म्हणत म्हणत मी दुसरी प्लेट मागितली. तिथून देवासची बस. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन निघून गेलेलं आणि त्या जागी वीतभर गहू आणि हरभरा. तासाभरानं देवीची टेकडी दिसली आणि कंडक्टर माझ्याकडे बघून ओरडला, "माताजी, देवास!"

माझ्या बहिणीचं नाव सुमन, पण माळव्यात थोरल्या बहिणीला जिजी म्हणतात आणि आता तिला अख्खी गल्ली जिजी म्हणते. तिच्या सासरचं घराणं पवारांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. तिचे यजमान तीस वर्षं धारला शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर ती दोघं मुलाकडे, मिलिंदकडे, देवासला आली. जिजीचं मराठी ऐकायला मला फार आवडतं. "अगं, किती लेट आलीस! आधी चाय घे, मग नहाऊन घे," असं ती एका दमात म्हणते आणि दुसऱ्या दमात "बाळंतिणीच्या खोलीत वेखंडाची धुरी झाल्यावाचून पाऊल घालू नकोस हो," असं माझ्या आजीच्या तोंडचं मराठी बोलते. मधल्या पिढ्यांचं मराठी तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

तिची सून रानू मूळची माळवी. त्यामुळे या घरात बारसंही होतं आणि जलवाही (बाळंतिणीनं विहिरीची पूजा करायची, हा इकडचा विधी). आता विहीर आणायची कुठून? गल्लीतल्या विहिरीवर केव्हाच स्लॅब पडला आणि तिच्यावर स्कूटर लागतात. रानूच्या आईनं सरळ स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरला कुंकवाची पाच बोटं ओढली, हळद लावली, समोर नारळ ठेवला. फिल्टरचा लाल दिवा लागलेला होता. "कार्ट्रिज बदलना है," मिलिंद हळूच म्हणाला. "पूजा के बाद," त्याच्या सासूबाई म्हणाल्या.

बारशाचंही तसंच. पाळण्याचे शब्द कुणालाच धड येईनात, म्हणून मिलिंदनं ते फोनवर लावले. बाळाला पाळण्यात ठेवलं, सगळ्या बायकांनी दोरीला हात लावला आणि ऐन रंगात फोनमधून एक बाई घरासाठी कर्ज हवं का विचारू लागली. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. बाळाची आत्या कॅनडात. तिनं व्हिडिओवरूनच "कुर्र" केलं, आणि नाव बाळाच्या कानात जावं म्हणून जिजीनं फोन बाळाच्या कानाशी धरला. अन्वी. नाव शोधलंही फोनवरच होतं. मला वाटलं होतं की हे सगळं बघून मी नाक मुरडीन. पण त्या फोनला टेकलेला इवलासा कान बघून तसं काही झालं नाही.

घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली आणि दारात एक म्हातारी उभी राहिली. पांढरी ओढणी, पायांत मोजे, काखेत कापडी पिशवी. जिजी ताट तिथंच ठेवून धावली. "खैरून! तू कशी आलीस गं?"

खैरूनबी जिजीची धारची शेजारीण. तीस वर्षं दोघींची एकच भिंत होती. तिचा मुलगा इम्रान पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. दोन दिवसांपूर्वी त्याला मुलगा झाला होता. ते सांगताना तिच्या तोंडावर आनंद होता, पण आवाज मात्र तिनं मुद्दाम दबका ठेवला होता.

"दो चले गए ना इसके पहले," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "एक दो घंटे की थी, एक चार दिन का। इस बार मैं कोई कसर नी छोड़ूँगी, बेन।"

मग तिनं पिशवीतून एक गाठोडं काढलं. आत कापडाचे पाच तुकडे होते. बाळं ज्या घरात टिकत नाहीत, त्या घरातलं नवं बाळ आपल्या घरचं कापड अंगावर घालत नाही. सात घरांतून जुनं, मऊ कापड मागून आणायचं, त्याचं झबलं शिवायचं आणि छठीला (सहाव्या दिवसाचा विधी, आपल्याकडच्या पाचवी-सहावीसारखा) ते बाळाच्या अंगात घालायचं. आपल्याकडेही असं करत. माझ्या आत्यानं केलं होतं. मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, ते धारच्या एका मुसलमान बाईच्या तोंडून देवासला ऐकत होते. मी तुकडे हातांत घेऊन चाचपू लागले. कापड दिसलं की मला राहवत नाही. एक बागेच्या छपाईचा, लाल-काळ्या वेलीचा. एक एका भिल्ल भाजीवालीच्या लुगड्याचा. एक तर दवाखान्यातल्या नर्सच्या पांढऱ्या ओढणीचा.

"सात घर, सात चूल्हे," खैरूनबी म्हणाली. "जात-धरम कुछ नी देखते। बस माँ ऐसी हो कि उसके सब बच्चे सलामत हों। एक भी न गया हो।"

जिजीनं आपल्या जुन्या साडीचा पदर कापून दिला. सहा झाले. मग जिजीच माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि ही बघ, आमची शालू! हिला दोन मुली, दोघी अगदी खुशाल. हिच्याइतकं नरम कापड तुला कुणाकडे मिळायचं नाही."

खैरूनबीनं दोन्ही हात पुढे केले.

इथं मला थांबून सांगायला हवं. मला दोन मुली आहेत, दोघी खुशाल आहेत, हे खरं. पण त्यांच्याआधी, मी एकवीस वर्षांची असताना, मला एक मुलगा झाला होता. तो नवव्या दिवशी गेला. बारशाला तीन दिवस राहिले होते. यांनी त्याला दुपट्यात गुंडाळून नेलं, परत आले, आंघोळ केली आणि जेवायला बसले. घरातल्या थोरल्या बायका म्हणाल्या, बारशाआधी गेलेलं मूल मोजायचं नसतं. मग आम्ही मोजलं नाही. जिजी तेव्हा इकडे होती, तिला कुणी कळवलंही नाही. पुढे कुणीही विचारलं की मी "दोन" म्हणत आले आणि ते इतक्या वेळा म्हटलं की जीभ अडखळायची बंद झाली.

त्या दिवशीही अडखळली नाही. मी कुंच्यांना अस्तर लावते ते माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचं. त्यातला एक वीतभर तुकडा माझ्या शिवणाच्या पिशवीत होता, तो काढून दिला. खैरूनबीनं तो गालाला लावला, माझ्या हातावर खजुराची पुडी ठेवली आणि दुपारच्या बसनं धारला निघून गेली.

पुढचे दोन दिवस मी देवास बघितलं असं म्हणायला हरकत नाही. टेकडीवर गेले, तिथल्या थोरल्या आणि धाकट्या दोन्ही देवींचं दर्शन घेतलं, दाल-बाफले खाल्ले (वाफवून भाजलेले कणकेचे गोळे, चार तास पाणी पीत बसावं लागतं). पण मन त्या तुकड्यात अडकलं होतं. मी काही फार देवभोळी नाही. बाळं कापडानं जगत नाहीत आणि कापडानं मरतही नाहीत, हे मला कळतं. पण ती म्हातारी एवढ्या थंडीत दोन बस बदलून आली होती, तिनं एकच अट सांगितली होती आणि मी गप्प बसले होते. त्या बाळाला काही झालंच, तर? नुसतं सर्दी-पडसं झालं तरी मी स्वतःला काय सांगणार होते?

गुरुवारी जिजीच्या वहीतून नंबर काढून फोन केला. सांगून टाकायचं म्हणूनच केला होता. पण मी तोंड उघडायच्या आत खैरूनबी म्हणाली, "बेन, झबला सिल गया! आपका टुकड़ा सबसे नरम था, तो मैंने बिल्कुल सीने पे लगाया है।" मी "अच्छा, अच्छा" म्हटलं आणि फोन ठेवला. असं फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतंच ते.

छठी शुक्रवारी होती. सकाळी मी जिजीला म्हटलं, बागेला जायचंच आहे तर जाता जाता धारला खैरूनच्या नातवाला बघून येते. उरलेल्या दोन कुंच्यांतली एक बरोबर घेतली. जिजीनं पुरीभाजी बांधून दिली.

इंदूरला उतरल्यावर कळलं की धारच्या बस दुसऱ्याच स्टँडवरून सुटतात. रिक्षा करून तिकडे गेले. तिथं एकानं "धार, धार" ओरडत माझी पिशवी जवळजवळ ओढलीच आणि मला एका बसमध्ये बसवून दिलं. अर्ध्या तासानं कंडक्टर आला.

"माताजी, ये तो धामनोद जा री है।"

"पण तो माणूस धार म्हणत होता!"

"वो तो सबको बोलता है। आप महू उतर जाओ, वहाँ से पीथमपूर होके मिल जाएगी।"

बसमधल्या सगळ्यांनी मग माझ्या प्रवासाचा ताबा घेतला. एक म्हणे पुढच्या चौकात उतरा, दुसरा म्हणे नको, तिथं काही मिळत नाही. एका तरुणानं विचारलं, "आंटी, धार में क्या है, शादी है?" "छठी आहे," मी म्हटलं. "अच्छा, तो फिर शाम तक पहुँचना पड़ेगा," असं म्हणून त्यानं महूला माझी पिशवी खाली उतरवून दिली. तिथून एका मॅजिकमध्ये (टेम्पोसारखी छोटी गाडी) चौदा माणसांत पंधरावी होऊन मी निघाले. बाहेर कारखान्यांच्या भिंती मागं जात होत्या, मग पुन्हा गहू. घड्याळात तीन वाजून गेले होते. एक क्षण वाटलं, उशीर झाला तर बरंच. झबलं घालून झालेलं असेल, मग सांगण्यात काय अर्थ? हा विचार मनात आला, त्याची मला लाज वाटली, म्हणून इथं लिहिते.

धारला पोचले तेव्हा लाल दगडाच्या किल्ल्यावर उतरतं ऊन होतं. खैरूनबीची गल्ली तळ्याच्या बाजूला. निळा दरवाजा, दाराशी पेरूचं झाड. आणि अंगणातल्या दोरीवर, दोन चिमट्यांत, ते झबलं वाळत होतं. अजून घातलेलं नव्हतं. सात रंगांचं, तळहाताएवढं, आणि बरोबर छातीवर माझ्या आईचं लुगडं.

दोरीपाशी एक दाढीवाला तरुण उभा होता. तोच इम्रान. मी जिजीचं नाव सांगताच त्यानं पिशवी हातातून घेतली.

"ये देख री हैं आप?" झबल्याकडे बोट दाखवून तो म्हणाला. "सिस्टर ने बोला, बिना उबाले पहनाना मत। तो अम्मी ने दो बार उबाला। मैंने बोला, अम्मी, ये छठी-वठी दीन (धर्म) में है ही नी। सातवें दिन नाम रखो, बाल उतारो, अक़ीक़ा (बाळाच्या नावानं बकऱ्याची कुर्बानी) करो, बस। वो बोलीं, तेरी भी छठी हुई थी, तू नी बिगड़ा।"

"मग?" मी विचारलं.

"फिर इमाम साब ने रास्ता निकाला।" त्याला आता थोडं हसू आलं. "अपने यहाँ दिन मग़रिब से बदलता है। सूरज डूबा कि अगला दिन चालू। तो आज शाम मग़रिब के बाद सातवाँ लग जाएगा। अम्मी के हिसाब से छठी, मेरे हिसाब से सातवाँ।"

मला हे इतकं आवडलं की क्षणभर मी कशासाठी आले ते विसरले. मी त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि तोही खुशीत सांगत गेला. दवाखान्यात बाळाच्या कानात त्यानं अजान दिली तेव्हा नर्स म्हणाली, "भैया, धीरे, बाकी बच्चे सो रहे हैं," म्हणून त्यानं ती अगदी कुजबुजत दिली. खजूर चघळून बाळाच्या तोंडात, आत टाळूला लावायचा असतो, त्याला डॉक्टरांनी मनाई केली, तर त्यानं बोटाचं टोक नुसतं ओठांना टेकवलं. छठीला नशीब लिहिणाऱ्यासाठी वही आणि पेन उशाशी ठेवतात, आपल्या सटवाईसारखंच. नशीब फक्त अल्ला लिहितो, असं इम्राननं बजावल्यावर अम्मीनं वही काढून घेतली आणि त्या जागी जन्मदाखल्याचा फॉर्म ठेवला. पेन तिथंच राहिलं. "अब फॉर्म है तो पेन तो लगेगा," इम्रान म्हणाला. जलव्याचं विचारलं तर म्हणाला, दादीच्या वेळी बायका चाळीस दिवसांनी विहिरीवर जात, ख्वाजा खिज्रच्या (पाण्याचे राखणदार मानलेले संत) नावानं गोड दलिया वाटत. आता नळ बिस्मिल्ला म्हणून उघडतात, दलिया मात्र अजून होतो. फिल्टरचं कुंकू मी त्याला सांगितलं, तेव्हा तो खो खो हसला.

तेवढ्यात खैरूनबी बाहेर आली. "अरे बेन! अल्लाह, आप खुद आ गईं!" तिनं मला कवेत घेतलं, दोरीवरचं झबलं काढलं आणि मला आत नेलं.

आत खाटेवर शबाना होती, इम्रानची बायको. तिशीच्या आतलीच, डोळ्यांखाली काळं, मांडीवर बाळ. समोर हरिऱ्याची (सुंठ, गूळ, खोबऱ्याचं बाळंतिणीचं पेय) वाटी तशीच भरलेली. बाळ झोपलेलं होतं आणि ती त्याच्या पोटावर हात ठेवून बसली होती. पोट वरखाली होतंय की नाही ते ती बघत होती. ते बघणं मला माहीत होतं. मीही नऊ दिवस तसंच बसले होते.

मग मात्र मला धीर धरवेना. माझं हिंदी बेताचंच, आणि अशा वेळी तर तेवढंही राहत नाही.

"खैरूनबी, मेरे को तीन हुए थे," मी म्हटलं. "पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. जिजी को मालूम नहीं. मैंने उस दिन बताया नहीं. माझी चूक झाली."

खैरूनबी माझ्याकडे बघत राहिली. रागावलेली दिसली नाही. घाबरलेली दिसली, आणि ते जास्त वाईट होतं.

"उसी दिन बता देतीं, बेन," ती शेवटी म्हणाली. मग तिनं कोनाड्यातली कात्री घेतली, झबलं मांडीवर पसरलं आणि छातीवरच्या तुकड्याची शिवण शोधू लागली. तो टाका मला दिसत होता. बारीक, सुबक टाका होता. मी म्हटलं, द्या, मीच उसवते, मला सवय आहे.

"अम्मी, कैंची रख दो।"

शबाना बोलली होती. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

"जिसका बच्चा गया हो उसका कपड़ा नी लग सकता," ती म्हणाली. "मेरे तो दो गए। फिर मेरा हाथ कैसे लगेगा इसको? दूध कैसे लगेगा?"

खैरूनबीचा कात्रीचा हात शिवणीवरच थांबला. शबाना रडत नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि ते ती किती दिवस मनात विचारत होती कोण जाणे.

इम्रान दारात येऊन उभा होता. या झबल्याच्या तो पहिल्यापासून विरुद्ध. मला वाटलं आता म्हणेल, सोडा हे सगळं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "अम्मी, अपन तो ये मानते हैं ना कि जो छोटा बच्चा चला जाता है, वो जन्नत के दरवाज़े पे माँ-बाप का रास्ता देखता है? तो जिस घर का बच्चा वहाँ खड़ा है, उस घर का कपड़ा मनहूस (अशुभ) कैसे हो गया?" जरा थांबून त्यानं डोळे पुसले. "हमारे भी तो दो खड़े हैं वहाँ।"

खैरूनबीनं कात्री पुन्हा कोनाड्यात ठेवली. झबल्यावरून दोन-तीनदा हात फिरवला. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "नाम क्या था उसका?"

"नाम नहीं रखा. आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात. तो आधीच..."

"मेरी ज़ोया दो घंटे रही," शबाना म्हणाली. "साँस ली थी, तो नाम रखा। नी तो दुआ किसके नाम से करते?"

मला एकदम हुंदका आला. इतक्या वर्षांत त्या मुलासाठी मी कुणासमोर रडले नव्हते आणि रडले ते धारच्या एका खोलीत, ओळखपाळख नसलेल्या माणसांत, पदर तोंडाला लावून. खैरूनबीनं मला रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "तो आज रख दो। छठी का दिन है।"

"सातवाँ," इम्रान पुटपुटला. "मग़रिब होने दो।" आणि त्या स्थितीतही आम्ही तिघी हसलो.

मावळतीची अजान झाली, इम्रान नमाज पढून आला. खिडकीबाहेर तळ्यावर नुसती तांबूस रेघ उरली होती. शबानानं स्वतःच्या हातानं बाळाला झबलं घातलं. बाहीत हात जाईना, तर मी बाळाची मूठ माझ्या बोटांत धरून आतून ओढून घेतली. ते तर माझं रोजचं काम. इम्राननं बाळाचं नाव जाहीर केलं. रेहान. रेहाननं माझ्या आईच्या लुगड्यावर ताबडतोब दूध काढलं. खैरूनबी म्हणाली, "लो, क़बूल हो गया।"

मग तिनं आपला कान माझ्यापुढे केला. बारशाला नाव कानातच सांगतात हे तिला तीस वर्षांच्या शेजारातून ठाऊक होतं. मी वाकले आणि एकवीस वर्षांची असताना मनात योजलेलं नाव तिच्या कानात सांगितलं. तिनं ते दोनदा घोळवून पाहिलं, आपल्या पद्धतीनं म्हटलं, आणि दोन्ही हात पसरून डोळे मिटून त्याच्यासाठी काहीतरी मागितलं. मग गोड दलिया आला आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.

बागेला जायचं राहूनच गेलं. सकाळी रेहानच्या जावळाची आणि अकीक्याची गडबड होती, तेव्हा मी निघाले. खैरूनबीनं झबल्यातून उरलेला बागेचा लाल-काळा तुकडा माझ्या पिशवीत कोंबला. शबाना रेहानला कुंची घालून दारापर्यंत आली. हरिऱ्याची वाटी तिनं सकाळी संपवली होती, हे मी मुद्दाम बघून घेतलं.

मिरजेला हे स्टेशनवर न्यायला आले होते. घरी येऊन चहा होईपर्यंत मी देवासचं सगळं सांगितलं, फिल्टरचं, कर्जाच्या जाहिरातीचं. मग धारचं सांगायला घेतलं. "मी आपल्या मुलाचं नाव ठेवून आले," एवढंच म्हणाले.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "काय ठेवलंस?"

"श्रीरंग."

त्यांनी बशीत सांडलेला चहा कपात ओतला. मग म्हणाले, "मी त्याला माधव म्हणतो."

म्हणतो. म्हणायचो नव्हे. इतकी वर्षं त्या न बोलणाऱ्या माणसाच्या मनात आमचा मुलगा वाढत होता आणि मला पत्ता नव्हता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "माधव पाळण्यातलं असू दे. हाक मारायला श्रीरंग."

निजण्याआधी मी हरभरे भिजत घातले. सकाळी घुगऱ्या शिजवल्या, वर खोबरं घातलं आणि हे स्वतः वाट्या घेऊन इमारतीतल्या सगळ्या घरांत देऊन आले. समोरच्या काकू वाटी हातात घेऊन दारात आल्या. "घुगऱ्या? अगंबाई, कुणाचं बारसं?"

"आमच्या थोरल्याचं," मी म्हटलं.